खिडकीबाहेरचे अंतर

नव्या इमारतींच्या जाहिरातीत हल्ली 'हरित', 'ऊर्जाक्षम', 'आरोग्यदायी' अशी प्रमाणपत्रे झळकतात. प्रमाणपत्राला आमचा विरोध नाही. पण मुंबईत घराच्या आरोग्याचा पहिला मोठा शिक्का बसला तो गरिबांच्या दारावर, आणि तो उलटा होता.

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत प्लेग सापडला. त्यानंतर पालिकेची माणसे घरांच्या भिंतींवर 'यूएचएच' ही इंग्रजी अक्षरे रंगवत फिरली. अर्थ : माणसाने राहण्यास अयोग्य. १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने घरे झपाट्याने पाडली आणि बांधली सावकाश. उठवलेले कष्टकरी शेजारच्या चाळींत कोंबले गेले, आणि दोष लागला त्यांच्या 'सवयीं'ना!

तरीही ट्रस्टची एक गोष्ट आम्ही मान्य करतो. ती म्हणजे साडेत्रेसष्ट अंशांचा नियम. खोलीच्या बाहेरच्या भिंतीच्या पायथ्यापासून या कोनात वर पाहिले, तर मध्ये काही न येता आकाश दिसले पाहिजे. सोप्या हिशेबात, समोरची इमारत जितकी उंच, त्याच्या निम्मे अंतर मोकळे. म्हणजे तळमजल्यालाही उजेड. परळच्या ज्या बीआयटी चाळीतल्या दोन खोल्यांत बाबासाहेब १९३४ पर्यंत राहिले, ती चाळ याच ट्रस्टची.

आता आजचे बघा. २०१८ ची 'इको निवास संहिता' म्हणते की मुंबईसारख्या उष्ण-दमट हवामानात उघडणाऱ्या खिडक्या-दारांचे क्षेत्र घराच्या चटईक्षेत्राच्या किमान १६.६६ टक्के हवे. चांगले आहे. पण हे माप खिडकीचे झाले. खिडकीसमोर काय आहे, हे त्यात येत नाही.

गोवंडीचे लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड पाहा. रस्ते-रेल्वे प्रकल्पांत उठवलेल्यांना तिथे वसवले. इमारतींमधले अंतर जेमतेम तीन मीटर. एकवीस मीटर उंचीला शंभर वर्षांपूर्वीच्या गोऱ्या साहेबाच्या नियमानेही साडेदहा मीटर सोडावे लागले असते. खालच्या मजल्यांवर भरदुपारी दिवा आणि पंखा चालू. मग ऊर्जाबचत कसली? उजेड-हवा नसणे आणि क्षयरोग यांचा संबंध तिथे २०१८ च्या पाहणीत पुढे आला. पुनर्वसनाच्या घरांसाठी मोकळ्या जागेचे नियम सैल केले गेले, आणि सैल करणाऱ्यांपैकी कोणालाही तिथे राहायचे नव्हते.

आपल्या वस्त्यांत सध्या पुनर्विकासाच्या सभा चालू आहेत. बिल्डरचा माणूस चकचकीत पुस्तिका वाटतो, लोक चौरस फूट विचारतात. ते विचारायचेच. पण संमतीपत्रावर सही करण्याआधी आणखी दोन आकडे लेखी मागा : समोरच्या इमारतीची उंची आणि मधले अंतर. पहिल्याला दोनने भागा. अंतर त्याहून कमी भरले, तर नकाशा परत पाठवा.