दीर्घपरिणामी एचआयव्ही-रोधक अंतःक्षेपणे व त्यांचे न्याय्य वितरण

एचआयव्ही-संसर्गावर रोज घ्यावयाच्या गोळीऐवजी एक वा दोन महिन्यांच्या अंतराने स्नायूत टोचावयाची औषधे, आणि ती जात, धंदा, गाव व पैसा यांचा भेद न करता गरजवंतापर्यंत पोहोचविण्याची व्यवस्था. प्रस्तुत नोंदीत हा विषय मुख्यतः इस्लामपूर (ता. वाळवा, जि. सांगली, २०२५ मध्ये शासनाने ‘ईश्वरपूर’ असे नामांतर जाहीर केले) व त्याचा परिसर यांच्या संदर्भात मांडला आहे, कारण ज्यांना समाजाने दूर लोटले त्यांनीच वितरणाची सूत्रे हाती घेण्याचा प्रयोग याच जिल्ह्यात झाला.

औषधे : कॅबोटेग्राविर व रिल्पिव्हिरिन ही जोडी प्रमुख होय. दर दोन महिन्यांच्या पद्धतीत अनुक्रमे ६०० व ९०० मिलिग्रॅमच्या मात्रा नितंबाच्या स्नायूत दोन स्वतंत्र सुयांनी देतात. कॅनडाने २०२० मध्ये व अमेरिकेने जानेवारी २०२१ मध्ये तिला मान्यता दिली. जागतिक आरोग्य संघटनेने जुलै २०२५ मध्ये, विषाणू आटोक्यात आलेल्या आणि यकृतशोथ-ब नसलेल्या रुग्णांसाठी पर्यायी उपचार म्हणून तिची शिफारस केली. सुईची ठरलेली तारीख सात दिवस मागेपुढे झाली तरी चालते. त्याहून अधिक विलंब होणार असल्यास मध्यंतरी गोळ्या द्याव्या लागतात. सुई बंद केल्यावरही कॅबोटेग्राविरचा अंश रक्तात वर्षभर वा अधिक काळ रेंगाळतो, आणि या अपुऱ्या मात्रेच्या आश्रयाने विषाणू औषधाला दाद न देणारा होण्याचा धोका असतो. म्हणून उपचार सुरू करण्याइतकीच तो व्यवस्थित थांबविण्याचीही तजवीज करावी लागते, आणि औषधाच्या प्रशस्तीत नेमके हेच कलम बहुधा गाळले जाते.

भारतातील स्थिती : शासनाने १ एप्रिल २००४ पासून विषाणुरोधक औषधे मोफत देण्यास आरंभ केला. रोगप्रतिकारक पेशींची संख्या घटण्याची वाट न पाहता निदान होताच उपचार, हे धोरण २०१७ मध्ये स्वीकारले गेले. आज राष्ट्रीय कार्यक्रमाचा मुख्य उपचार टेनोफोविर, लॅमिव्हुडिन व डोल्युटेग्राविर यांची रोजची एकत्रित गोळी हाच आहे. तीतील पहिली दोन औषधे यकृतशोथ-ब या रोगालाही आवर घालतात. सुईत ती नसल्याने त्या रोगाच्या तपासणीवाचून गोळी सोडविणे घातक ठरेल. क्षयावरील रिफॅम्पिसिन या जोडीसोबत देता येत नाही, ही दुसरी अडचण. आणि नेव्हिरापिन व इफाविरेन्झ वर्षानुवर्षे वापरात राहिल्यामुळे त्याच गटातील रिल्पिव्हिरिनला काही रुग्णांत विषाणू आधीच सरावलेला असण्याचा संभव, ही तिसरी.

सांगलीचा प्रयोग : ‘संग्राम’ (संपदा ग्रामीण महिला संस्था) ही संस्था १९९२ मध्ये सांगलीत कामास लागली. गोकुळनगर वस्तीतील वेश्याव्यवसाय करणाऱ्या स्त्रियांनी निरोध वाटण्याचे काम प्रथम अंगावर घेतले आणि १९९६ मध्ये त्यांची स्वतःची ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ उभी राहिली. वाटप करणारी बाई त्याच वस्तीतील असल्याने कोणाचे दार केव्हा ठोठवावे, कोणापुढे गप्प राहावे, कोण आजारी असूनही रुग्णालयात जाण्यास बिचकते आहे, हे तिला कोणत्याही नोंदवहीवाचून ठाऊक असे. रुग्णालयात सोबत जाणे, केसपेपर काढणे, अपमानास्पद वागणूक मिळाल्यास जाब विचारणे, हीही कामे ओघाने तिच्याकडे आली. पुढे अमेरिकी मदतीला वेश्याव्यवसायविरोधी प्रतिज्ञेची अट जोडली गेली तेव्हा संस्थेने ती मदत नाकारली. संस्थेचे हे धोरण सर्वांना मान्य होते असे नाही. तथापि वितरणाच्या इतिहासात हा निर्णय निरोधांच्या संख्येहून महत्त्वाचा मानावा लागतो, कारण औषध घेणाऱ्याच्या प्रतिष्ठेचा सौदा करून औषध पोहोचविता येत नाही, हे तत्त्व त्याने कृतीत उतरविले.

इस्लामपूर परिसर : शहराजवळ पुणे–बंगळूर महामार्गावर पेठनाका आहे आणि साखराळे येथे राजारामबापू पाटील सहकारी साखर कारखाना. दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यातून ऊसतोडीच्या टोळ्या येतात आणि हंगाम उरकून मार्च-एप्रिलमध्ये परततात. म्हणजे दोन महिन्यांच्या सुईच्या निदान दोन तारखा गावाबाहेर पडतात. उचल घेतलेल्या मजुराला मुकादमाकडून सुटी सहजासहजी मिळत नाही. त्याच्या कोपीत (झोपडीत) आडोसा नसतो. महिन्याच्या गोळ्यांची डबी खडखडते, म्हणून अनेकजण गोळ्या काढून पुडीत बांधतात, डबीवरचे नाव खरवडतात आणि डबी फेकून देतात. अशा माणसाला सुईने खरोखर मोकळीक मिळेल. मात्र त्यासाठी त्याची नोंद बीड जिल्ह्यातून वाळवा तालुक्यात त्याच्याआधी पोहोचली पाहिजे, आणि आजाराचा उच्चार न करता त्याला तारीख कळविली गेली पाहिजे. रिल्पिव्हिरिन २ ते ८ अंश सेल्सियस तापमानात ठेवावे लागते. प्राथमिक आरोग्य केंद्रांत लसींसाठी असलेली शीतसाखळी त्याकरिता उपयोगी पडण्याजोगी आहे. लसीकरणाच्या शीतपेटीतून औषध आणले तर ते कोणाचे व कशाचे, हा प्रश्नही गावात उठत नाही. या सोयीकडे नियोजनात अधिक लक्ष दिले जावे.

कायदा : एचआयव्ही व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम २०१७ मध्ये संमत होऊन १० सप्टेंबर २०१८ पासून अंमलात आला. संमतीवाचून तपासणी व संसर्गाची वाच्यता यांस तो मज्जाव करतो. उपचार पुरविण्याचे शासनाचे कर्तव्य त्यात ‘शक्य तितक्या प्रमाणात’ या मर्यादेसह आले असून तिच्याविषयी मतभेद आहेत.

किशोर : कॅबोटेग्राविर व रिल्पिव्हिरिन ही जोडी अमेरिकेत १२ वर्षांवरील व किमान ३५ किलोग्रॅम वजनाच्या किशोरांसाठी २०२२ पासून मान्य आहे.

परवाने : कॅबोटेग्राविरच्या मूळ कंपनीने औषध-पेटंट-संचयामार्फत जुलै २०२२ मध्ये प्रतिबंधक वापरापुरता परवाना दिला; सिप्ला, अरबिंदो व व्हिॲट्रिस या कंपन्या तो घेऊन पुढे आल्या. जुलै २०२५ मध्ये त्याची व्याप्ती उपचारापर्यंत वाढली. याखेरीज सहा महिन्यांनी त्वचेखाली टोचावयाच्या लेनाकापाविर या दीर्घपरिणामी औषधाचे परवाने ऑक्टोबर २०२४ मध्ये सहा उत्पादकांना मिळाले असून त्यांत पुण्याची एमक्युअर ही कंपनी आहे.