पाळवणकर बाळू : चेंडू आणि पेला

मुंबईहून भुसावळकडे जाणारा लोहमार्ग आपल्या पाचोऱ्यावरून जातो. तो ज्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीने घातला, तिच्या मुंबईतील नोकरीत एके काळी पाळवणकर बाळू नावाचे एक डावखुरे गोलंदाज होते. त्यांची हकीकत आज सांगावयाची आहे.

बाळूंचा जन्म धारवाडचा, चर्मकार कुटुंबातला. पुण्यातील युरोपियनांच्या क्लबात मैदानाची निगा राखण्याचे काम त्यांना दरमहा ४ रुपयांवर मिळाले. कॅप्टन ग्रेग हे नाणावलेले फलंदाज सरावासाठी त्यांच्याकडून तासन् तास चेंडू टाकून घेत. फळी हाती घेण्याची पाळी मात्र बाळूंवर कधी आली नाही. या चाकरीतच त्यांच्या फिरकीला धार आली.

पुण्याच्या हिंदू संघाला युरोपियनांवर मात करावयाची होती, आणि बाळूंवाचून ते साधणारे नव्हते. म्हणून त्यांना संघात घेतले. मैदानावर त्यांच्या हातचा चेंडू सर्वांच्या हाती फिरे, त्याचा विटाळ कोणास होत नसे. चहाच्या वेळी मात्र त्यांना मंडपाबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा मिळे.

१९०६ साली मुंबईस हिंदूंनी युरोपियनांचा १०९ धावांनी पराभव केला. त्या विजयात बाळू आणि त्यांचे बंधू शिवराम यांचा मोठा वाटा होता. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदी संघ विलायतेस गेला. त्या दौऱ्यात बाळूंनी ११४ बळी मिळविले.

इतके असूनही संघनायकपदासाठी त्यांचे नाव दरवेळी मागे पडे. १९२० साली या अन्यायाच्या निषेधार्थ शिवराम व विठ्ठल या बंधूंनी संघातून अंग काढून घेतले. अखेर बाळूंना उपनायक नेमण्यात आले, आणि नायक काही काळ मैदानाबाहेर जाताच संघाची सूत्रे त्यांच्या हाती आली. १९२३ साली विठ्ठल संघनायक झाले आणि हिंदू संघ विजयी झाला. बाळूंनी मागितलेला न्याय धाकट्या भावाच्या पदरी पडला. बाळू १९५५ साली निवर्तले.

खेळाने बाळूंना कीर्ती दिली, पण पंक्तीतील जागा आपोआप दिली नाही. ती भावांना हट्टाने मिळवावी लागली. पाचोऱ्याच्या पटांगणावर मुले गडी निवडू लागतील तेव्हा वडीलधाऱ्यांनी एवढेच पाहावे, की ज्याच्या हातचा चेंडू आपण झेलतो, त्याच्यासाठी पेला निराळा ठेवलेला नाही ना.