सहा महिने कुणी ठरवले?

माझी लेक साडेसात महिन्यांची झाली तरी बसत नव्हती. बसवलं की दोन्ही हात पुढे टेकून बेडकासारखी थांबायची आणि खुळखुळ्यासाठी एक हात उचलला की त्याच बाजूला कलंडायची. फोनमधलं ॲप मात्र ठाम होतं: सहाव्या महिन्यात बाळ आधाराशिवाय बसतं. त्या ओळीपुढचा चौकोन रोज रिकामा. आई म्हणायची, "अगं, बसेल. तू नवव्या महिन्यात बसलीस, आता सोफ्यावरून उठवत नाही." मला हसू यायचं नाही.

रात्री तिला पाजता पाजता मी शोधायला लागले, की हा सहाचा आकडा आला कुठून?

माग बराचसा अमेरिकेतल्या येल विद्यापीठात जातो. अर्नोल्ड गेसेल या मानसशास्त्रज्ञ-डॉक्टरने तिथे १९११ साली मुलांसाठी केंद्र सुरू केलं आणि पुढे बाळांचं चित्रीकरण करायला चक्क एक घुमट उभारला. आत पलंग, बाळ आणि उजेड. कमानीवरून सरकणारे कॅमेरे. भोवती जाळी, आतून पांढरी रंगवलेली, त्यामुळे बाहेर अंधारात बसलेले लोक बाळाला दिसत नसत. त्या फिल्मचा एकेक तुकडा थांबवून गेसेल पाहायचा: मान कधी सावरली, पाठ कधी ताठ झाली, हात कधी मोकळे झाले. १९३४ मध्ये त्याने या हालचालींचा चित्रांचा जाडजूड ॲटलास काढला.

त्याचं म्हणणं असं, की वाढीचं वेळापत्रक आतूनच येतं. ताबा वरून खाली उतरतो. आधी मान, मग खांदे, पाठ, कंबर. शिकवून फारसं काही होत नाही. त्याचा जुळ्या बहिणींवरचा प्रयोग प्रसिद्ध आहे. एकीला ४६व्या आठवड्यापासून सहा आठवडे जिना चढायचा सराव दिला. दुसरीला तो संपल्यावर फक्त दोन आठवडे, आणि तिने पहिलीला जवळजवळ गाठलं. हे वाचून मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

पण गेसेलची बाळं कोण होती? बहुतेक त्याच शहरातली, गोऱ्या मध्यमवर्गीय घरांतली. त्यांच्या वयांवरून 'साधारणपणे' काय होतं ते लिहिलं गेलं, आणि तक्त्यातून तक्त्यात जाताना 'साधारणपणे' गळून पडलं.

मग मी केनियातल्या कोक्वेत या गावाबद्दल वाचलं. चार्ल्स सुपर नावाचा संशोधक १९७०च्या दशकात तिथे किप्सिगिस लोकांमध्ये राहिला. आफ्रिकेतली बाळं लवकर बसतात, चालतात हे युरोपीय डॉक्टरांनी आधीच नोंदवलं होतं. वंशाचा गुण असणार, असाही तर्क व्हायचा. सुपरने आयांना विचारलं. त्या म्हणाल्या, आम्ही शिकवतो. पाच-सहा महिन्यांच्या बाळासाठी जमिनीत लहानसा खड्डा करायचा, त्यात पाठीला टेकू मिळेल असं त्याला बसवायचं, नाहीतर भोवती घोंगडी गुंडाळून लावायची. रोज. ही मुलं अमेरिकन मुलांपेक्षा साधारण महिनाभर आधी बसत होती. खरी गंमत पुढे आहे. रांगायला कुणी शिकवत नव्हतं, आणि रांगण्यात ती मुळीच पुढे नव्हती! म्हणजे रक्त नाही, सराव. १९७६ साली त्याने हे छापलं. गेसेल साफ चुकला असं नाही, पण त्याचं 'आतलं' वेळापत्रक कुणाच्या तरी घरच्या सवयींवरही चालत होतं.

खड्ड्याचं वर्णन वाचून मी थांबले, कारण गेले आठ दिवस माझी आई नेमकं तेच करत होती. जुन्या गोधडीची मोठी चुंबळ करून ती नातीला मधोमध बसवायची आणि समोर वाटी-चमचा ठेवायची. मी तिला म्हणाले होते, "आई, जबरदस्तीने बसवू नये म्हणतात." त्या बाजूनेही जुना आवाज आहे. काश्यपसंहिता या बालरोगांवरच्या आयुर्वेदग्रंथात बाळाला जमिनीवर बसवण्याचा विधी आहे, आणि फार वेळ बसवलं तर कंबर-पाठ दुखावते, बाळ थकतं, असा इशाराही आहे. नेपाळमध्ये सापडलेलं त्याचं हस्तलिखित मुंबईच्या निर्णयसागरने १९३८ साली छापलं. तिकडे गेसेलचा ॲटलास निघून चारच वर्षं झाली होती. बसवा, पण थोडं. आई तरी वेगळं काय करत होती?

जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका इथल्या ८१६ मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. बसणं म्हणजे काय हे त्यांनी आधी ठरवलं: मान ताठ, हातांचा टेकू नाही, किमान दहा सेकंद. सरासरी निघाली सहा महिने. पण निरोगी मुलांचा पट्टा ३.८ ते ९.२ महिने. ॲपमधला सहा खोटा नव्हता तर! फक्त तो मधला आकडा होता, आणि साधारण निम्मी मुलं त्याच्या पुढेच बसतात हे लिहायला चौकोनात जागा नव्हती.

तरी मी तिला डॉक्टरांकडे नेलंच. त्यांनी तिला काखेत धरून उचललं, पाठीवरून बोट फिरवलं, पाय टेकवून पाहिले. "नऊ महिने होईपर्यंत थांबू. तेव्हाही नाही बसली, किंवा अंग फार सैल नाहीतर फार ताठ वाटलं, तर लगेच या." नववा महिना संपायची तारीख मी कॅलेंडरवर लिहिली आणि ॲप काढून टाकलं.

तारखेला अकरा दिवस होते. मी भाजी निवडत होते, आई देवापाशी. वाटीचा आवाज आला म्हणून वळून पाहिलं. गोधडी बाजूला पडली होती. लेक फरशीवर बसली होती, दोन्ही हातांत वाटी, आणि ती चाटत होती. मी मनात मोजायला लागले. सातपर्यंत आले तेव्हा आईने मागून विचारलं, "काय मोजतेस?" आणि लेक तिच्या आवाजाकडे वळली. पडली नाही.