बंद पाकिटापासून १४४१६पर्यंत

मागच्या भागाचं हे लिखित रूप. ऐकलं असेल तरी वाचा, कारण बोलताना दोन-तीन तारखा सुटल्या होत्या.

विषय आहे लांबून होणारं समुपदेशन. फोनवर, व्हिडिओवर. लोकांना वाटतं हे कोरोनानंतर आलं. तसं नाही.

आपल्या धाराशिवमध्ये मनाचा डॉक्टर गाठणं अवघड का? अंतर हे एक कारण. दुसरं जास्त मोठं. एसटीतून उतरलेला माणूस कुठल्या दवाखान्यात शिरला, हे तो घरी पोचायच्या आत गावाला कळलेलं असतं. म्हणून ज्याला आपण दिसत नाही, त्याच्याशी बोलणं सोपं जातं. ही गरज फार जुनी आहे.

१९२७ साली र. धों. कर्व्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केलं. घरात, डॉक्टरसमोर जे विचारता येत नव्हतं, ते वाचक पत्रातून विचारायचे आणि कर्वे मासिकात सरळ उत्तर द्यायचे. या उत्तरांवरूनच १९३४ मध्ये खटला झाला. कर्व्यांच्या बाजूने बॅरिस्टर आंबेडकर उभे राहिले. खटला हरले, पण कर्वे थांबले नाहीत. १९५३ मध्ये ते गेले. त्याच वर्षी लंडनमध्ये चॅड वारा या पाद्र्याने आत्महत्येच्या विचारात असलेल्यांसाठी फोन सुरू केला, त्यातून ‘समॅरिटन्स’ उभी राहिली. पत्राची जागा फोनने घेतली. ऐकणारा मात्र लांबचाच राहिला.

आता आपल्याकडे येऊ. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. किल्लारी लातूर जिल्ह्यातलं, पण सास्तूर, पेठसांगवी आपल्याकडची. दगडमातीच्या भिंती झोपलेल्या माणसांवर आल्या. घरं पुन्हा बांधली गेली, त्याचे आकडे सगळ्यांना माहीत आहेत. मनांचा आकडा कमी लोकांना माहीत आहे. वाचलेल्यांपैकी ४२ जणांना मानसोपचारतज्ज्ञांनी तपासलं, त्यात ५९ टक्के लोकांना मानसिक आजार आढळला. हा प्राथमिक अहवाल १९९६ मध्ये अमेरिकेतल्या मानसोपचाराच्या नियतकालिकात छापून आला. ४२ हा आकडा लहान आहे, मान्य. पण ज्यांना कुणी विचारलंच नाही, ते किती असतील?

पुढचं संकट आवाज न करता आलं. दुष्काळ, कर्ज, आत्महत्या. २०१५ मध्ये सरकारने ‘बळीराजा चेतना अभियान’ आणलं, ते यवतमाळ आणि उस्मानाबाद या दोनच जिल्ह्यांत. पाठोपाठ १४ जिल्ह्यांसाठी ‘प्रेरणा प्रकल्प’ आला. आशाताईंनी घरोघरी जाऊन खचलेली माणसं शोधायची आणि १०४ नंबरवर समुपदेशन मिळायचं. यात आशाताईंचं महत्त्व फोनपेक्षा जास्त होतं, असं मला वाटतं. खचलेला माणूस स्वतःहून नंबर फिरवत नाही. कुणीतरी त्याच्याजवळ बसून तो लावून द्यावा लागतो.

त्याआधी, २०१२ मध्ये, टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने मुंबईत ‘आय-कॉल’ सुरू केलं. फोनवर आणि ईमेलवर, प्रशिक्षित समुपदेशकांकडून. याच संस्थेचं एक आवार आपल्या तुळजापुरात आहे. मग २५ मार्च २०२०, लॉकडाऊनचा पहिला दिवस. त्याच दिवशी केंद्राने दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. आणि १० ऑक्टोबर २०२२ ला ‘टेलि-मानस’ आलं, बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेच्या देखरेखीखाली.

आता सावधगिरीची गोष्ट. मोबाईलवर आज कुणीही ‘काउन्सेलर’ म्हणून पाटी लावतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, मानसोपचारतज्ज्ञ हा एमबीबीएसनंतर शिकलेला डॉक्टर असतो. बाकीच्या समुपदेशकांसाठी कायदा झाला तोच मुळी २०२१ मध्ये. तेव्हा पैसे भरण्याआधी शिक्षण विचारा, नोंदणी क्रमांक विचारा, माझं बोलणं कुणाकुणाला कळेल हेही विचारा. चांगला माणूस या प्रश्नांनी रागवत नाही.

एक अडचण मात्र कुठल्याच योजनेत सुटलेली नाही. फोन घरोघरी आला, एकांत आला नाही. दोन खोल्यांच्या घरात सासू, नवरा, पोरं असताना बाईने बोलायचं कुठून? कुणी शेतात जाऊन बोलतं, कुणी कपडे धुण्याच्या निमित्ताने. कर्व्यांना पत्र पाठवणाऱ्याला निदान पाकीट चिकटवता येत होतं.

म्हणून या भागाचं काम एवढंच. घरात कुणी फोन घेऊन बाजूला गेलं, तर लगेच “कुणाचा फोन?” विचारू नका. आणि नंबर लिहून ठेवा : १४४१६. चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं.

भेटू पुढच्या भागात.