चार वर्षांची मुदत

१/७
जुलै १९१३. भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले, तेव्हा त्यांचे वय २२ होते. आधार एकच : बडोदा संस्थानाची शिष्यवृत्ती. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. मोबदल्यात शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानाची नोकरी करण्याचा करार होता.

२/७
पदवीपुरते विषय घेऊन मोकळे होण्याचा मार्ग त्यांनी नाकारला. अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३. शिवाय प्राथमिक फ्रेंच आणि जर्मन.

३/७
ही निवड विस्कळीत नव्हती. मुख्य विषय अर्थशास्त्र. त्यात १९१५ मध्ये एम.ए. मात्र मे १९१६ मध्ये त्यांनी भारतातील जातींवर निबंध वाचला, तो मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात. जातीअंतर्गत विवाह हाच जातिसंस्थेचा गाभा, हे त्याचे प्रतिपादन.

४/७
१९१६ मध्येच लंडनला अर्थशास्त्र आणि ग्रेज इनमध्ये कायदा, असे दुहेरी अध्ययन सुरू झाले. पण १९१७ मध्ये शिष्यवृत्ती संपली. परतताना विद्यापीठाची एक परवानगी तेवढी हाती होती : ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत अभ्यास पुन्हा सुरू करता येईल. वेगळ्या जहाजाने पाठवलेले ग्रंथ पाणतीराच्या हल्ल्यात समुद्रात बुडाले.

५/७
बडोद्यात या उच्चविद्याविभूषित अधिकाऱ्याला राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत आश्रय घेतला, तर जात कळताच तेथूनही बाहेर काढले गेले. नोकरी सुटली. मुदत मात्र सरत होती.

६/७
१९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले आणि पगारातून पैसे साठवू लागले. ही बचत, शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले कर्ज यांच्या बळावर १९२० मध्ये ते लंडनला परतले. मुदतीचे जेमतेम एक वर्ष उरले होते.

७/७
१९२१ मध्ये एम.एस्सी. रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधावर परीक्षकांनी आक्षेप घेतले. तो सुधारून पुन्हा सादर केल्यावर १९२३ मध्ये डी.एस्सी. दरम्यान बॅरिस्टरीही पूर्ण झाली होती. कोलंबियाची पीएच.डी. मात्र प्रबंध छापून सादर केल्यावरच मिळणार होती; ती रीतसर १९२७ मध्ये मिळाली. तीन वर्षांच्या शिष्यवृत्तीवर आरंभलेले अध्ययन चौदा वर्षांनी पूर्णत्वास गेले.