दत्तामित्र : एका यवननामाची कथा

नाशिकची पांडवलेणी आमच्या बहुतेक वाचकांनी पाहिली असतील. परंतु सतराव्या लेण्यातील प्राकृत लेखापाशी थांबणारे थोडेच. लेणे कोरविणारा इंद्राग्निदत्त. तो स्वतःस उत्तरेकडील दात्तामित्री नगरीचा 'योनक', म्हणजे यवन म्हणवितो. पित्याचे नाव धर्मदेव, पुत्राचे धर्मरक्षित. तीन पिढ्यांत एकही ग्रीक नाव नाही! आईबापांच्या पुण्यार्थ त्याने लेणे, चैत्य व पाण्याची टाकी अर्पण केली.

मग ग्रीक नाव सर्वस्वी लोपले काय? आमच्या मते ते माणसास सोडून गावास चिकटले. दात्तामित्री ही सौवीर देशातील नगरी दत्तामित्राने वसविली, असे संस्कृत वैयाकरण सांगतात. महाभारताच्या आदिपर्वातही सौवीरांच्या प्रसंगी हे नाव येते. हा दत्तामित्र म्हणजे बाल्हीकाचा यवन राजा देमेत्रिओस, असा अनेक पंडितांचा तर्क आहे. काहींना तो मान्य नाही. तथापि नामसादृश्य व स्थळ पाहता आम्हांस तो ग्राह्य वाटतो.

या देमेत्रिओसाचे प्रथम दर्शन इ. स. पू. 206 च्या सुमारास घडते. सीरियाचा राजा तिसरा अँटिओकस याने बाल्हीकास वेढा दिला असता, पिता युथिडेमसाने तहासाठी या तरुण पुत्रास पाठविले. त्याचे रूप व संभाषण पाहून अँटिओकसाने त्यास आपली कन्या देऊ केली, असे पॉलिबिअस लिहितो. पुढे हिंदुस्थानातील यवनांच्या विजयांचे श्रेय स्ट्रेबो त्यास व मिनँडरास देतो. गजमुखाचे शिरस्त्राण ल्यालेली त्याची मुद्रा त्याच्या नाण्यांवर आजही पाहावयास मिळते.

देमेत्रिओस म्हणजे देमेतेर देवीचा. देमेतेर ही ग्रीकांची धान्यमाता. नावाच्या आद्य अवयवाविषयी वाद आहे. उत्तरावयव 'मेतेर' मात्र आपल्या 'मातृ' शब्दाचा सख्खा भाऊ होय. हा अर्थ पुस्तकी पंडितापेक्षा सातपुड्यातील शेतकऱ्यास लवकर उमगेल. नंदुरबार जिल्ह्यातील काठी हे गाव राजवाडी होळीसाठी प्रसिद्ध आहे. त्या परिसरातील आदिवासी बांधव देवमोगऱ्याच्या याहामोगीस धान्यदात्री मानून भजतात. त्यांच्या बोलीत 'याहा' म्हणजे आई. या दोन देवींचे नाते जोडण्याचा आमचा मानस नाही. भुकेल्या माणसास धान्य देणारी ती आई, ही भावना दोन्हीकडे स्वतंत्रपणे उपजली असावी, इतकेच आम्ही म्हणतो.

नेमकी हीच आई आपल्या संस्कृतात हरवली. कानांनी ध्वनी राखला, पण अर्थ निसटला. 'दत्त' आणि 'मित्र' या ओळखीच्या शब्दांत परके नाव बसविताना मातेचा मित्र झाला! ग्रीसमध्ये ते नाव ख्रिस्ती संताचे झाले, रशियात दिमित्री बनले. आपल्याकडे त्याचे एक गाव झाले, आणि ते गावही आज नकाशावर नाही.

तरीही इंद्राग्निदत्ताने देव, धर्म, नाव, सारे येथले घेऊनही आपण योनक असल्याचे लपविले नाही. आणि ज्या भूमीत तो आला तिनेही ते खोडून काढले नाही. नाव बदलले म्हणून मूळ नाकारावे लागत नाही, आणि मूळ सांगितले म्हणून परकेपणा उरत नाही, हे सह्याद्रीच्या कातळाने जपून ठेवले आहे. पुढच्या खेपेस नाशिकास गेल्यास वाचकांनी त्या लेखापाशी क्षणभर थांबावे.