महाडचा संताप आणि मनाची जागृती

महाडचा सत्याग्रह आपण पाण्याच्या हक्काचा लढा म्हणून वाचतो, आणि ते योग्यच आहे. परंतु त्या इतिहासाला आणखी एक अंग आहे. हजारो अपमानित माणसांचा संताप एकाच वेळी उसळला असता त्याचे काय करावे, या प्रश्नाचेही उत्तर महाडने दिले.

घटनाक्रम परिचित आहे. रावबहादूर सी. के. बोले यांच्या ठरावाने १९२३ मध्ये सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळेही खुले केले, पण केवळ कागदावर. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली परिषदेचे प्रतिनिधी तळ्यावर गेले व पाणी प्याले. नंतर वीरेश्वराच्या मंदिरातही हे लोक शिरणार, अशी अफवा गावात पसरली आणि आपल्या माणसांवर हल्ले झाले. या प्रतिनिधींत लष्करातून निवृत्त झालेले अनेक जण होते. प्रतिकाराचे बळ त्यांच्यात निश्चित होते. ते बाबासाहेबांच्या एका शब्दासाठी थांबले होते. तो शब्द बाबासाहेबांनी दिला नाही. हल्लेखोरांविरुद्ध दाद कायद्याच्या मार्गाने मागितली गेली, आणि दोनच आठवड्यांत, ३ एप्रिल १९२७ रोजी, ‘बहिष्कृत भारत’ सुरू झाले.

डिसेंबरात हीच कसोटी पुन्हा लागली. २५ तारखेला मनुस्मृतीचे दहन झाले. लोक तळ्यावर जाण्यास सज्ज होते, परंतु दिवाणी न्यायालयाचा तात्पुरता मनाई हुकूम आडवा आला. सत्याग्रह तहकूब करण्याचा निर्णय बाबासाहेबांनी त्या उसळत्या समुदायाला पटवून दिला. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला तो १७ मार्च १९३७ रोजी. दहा वर्षे हा संताप विझला नाही आणि भरकटलाही नाही.

याला संताप गिळणे म्हणता येणार नाही. गिळलेला संताप आतून माणसाला पोखरतो, तर ओळखलेला संताप कामाला लागतो. सतिपट्ठान सुत्तात काया, वेदना, चित्त आणि धम्म ही स्मृतीची चार क्षेत्रे सांगितली आहेत. मनात द्वेष असेल तर ‘हा द्वेष आहे’ असे जाणणे, ही त्यातील चित्तानुपश्यना. बाबासाहेबांनीही आपल्या अखेरच्या ग्रंथात सम्यक स्मृतीचा अर्थ मनाची अखंड जागृती आणि विकारांवरील पहारा असाच केला आहे. पहारेकऱ्याने डोळे मिटून चालत नाही.

आज आम्ही क्लेमेंटीत राहतो. शेजारी चिनी, मलय, तमिळ. बहुतेकांना आमच्या आडनावाचा अर्थ कळत नाही. पण मराठी मंडळींच्या एखाद्या बैठकीत कोणीतरी सहज विचारते, ‘आडनाव काय? मूळचे कुठले?’ आणि छाती आवळते, कान तापतात. शब्द सुचण्याआधी शरीराला कळलेले असते. बहुधा आपण हसून विषय बदलतो आणि रात्री घरी मुलांवर क्षुल्लक कारणाने ओरडतो. अपमान करणारा एक असतो, शिक्षा भोगणारा दुसराच. म्हणून त्या क्षणी स्वतःला विचारावे: हा राग आहे, की त्याच्या तळाशी लाज आहे, की ओळख उघड होण्याची भीती? राग असेल तर तो कोणावर? नाव नेमके सापडले की उत्तर द्यावे, उलट प्रश्न करावा, की उठून जावे, हे निवडायला जागा मिळते.

पीटर सॅलोव्ही आणि जॉन मेयर यांनी १९९० मध्ये भावनिक बुद्धिमत्तेची संकल्पना मांडली आणि डॅनियल गोलमन यांच्या १९९५च्या पुस्तकाने ती कार्यालयांपर्यंत नेली. तेथील प्रशिक्षण उपयुक्त असते, पण बहुधा ते कर्मचारी शांत झाला की संपते. आपल्या परंपरेत खरा प्रश्न तेथून पुढे सुरू होतो. अन्याय हा आपल्या मनाचा विकार नव्हे. श्वास सावरल्याने तो नाहीसा होत नाही. श्वास सावरल्याने एवढेच होते, की त्याच्याशी लढताना आपण आपल्याच माणसांना जखमी करत नाही. महाडच्या रणरणत्या उन्हात आपल्या पूर्वजांनी हे करून दाखवले. वातानुकूलित घरात बसून आपण त्याचा सराव तरी करू या.

जय भीम. नमो बुद्धाय.